विहीर सर्वांची, गाळ कोणी उपसायचा?

मोठ्या उद्योगांनी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारावे की नाही, हा वाद आता संपला आहे. ते सांभाळण्याचा भार कोणी उचलायचा, हा नवा वाद मात्र सुरू झाला असून मुक्तस्रोताचे भवितव्य त्याच्याच उत्तरावर ठरणार आहे.

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडेचा दिवस. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीस असलेले आणि पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसच्या विकासकांपैकी एक असलेले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांनी त्या दिवशी एक इशारा जाहीर केला आणि जगभरच्या संगणक सुरक्षा तज्ज्ञांची सुट्टी संपली. फ्रॉइंड यांना सुरुवातीला खटकली होती ती एक अगदी क्षुल्लक गोष्ट. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. कारण शोधता शोधता ते ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहानशा सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचले. फाइलींचा आकार कमी करणे, एवढेच त्याचे काम. पण लिनक्सच्या बहुतेक सर्व आवृत्त्यांमध्ये ते असते, आणि त्यात कोणीतरी चोरदरवाजा बसवून ठेवला होता.

हे काम एका रात्रीतले नव्हते. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने २०२१ पासून मदतनीस म्हणून या प्रकल्पात शिरकाव केला. प्रकल्प सांभाळणारा मूळ विकासक हे काम एकट्याने आणि विनावेतन करीत होता. काम रखडते आहे, कोणाला तरी सोबत घ्या, असा लकडा इतर काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे लावला. अखेर ‘जिया तान’च्या हाती प्रकल्पाच्या किल्ल्या आल्या. या नावामागे नेमके कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही. चोरदरवाजा असलेली आवृत्ती लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोहोचली होती. ती बँका, शेअर बाजार आणि दूरसंचार कंपन्यांच्या सर्व्हरवर जाण्याआधीच पकडली गेली, हे जगाचे सुदैव.

या घटनेने एक प्रश्न ऐरणीवर आणला. अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेले उद्योग ज्या पायावर उभे आहेत, त्या पायाची राखण एखादा थकलेला स्वयंसेवक फावल्या वेळात करीत असेल, तर ही व्यवस्था किती काळ टिकणार?

‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे

मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता, अर्थात सोर्स कोड, सर्वांसाठी खुला असतो असे सॉफ्टवेअर. तो कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि पुढे वाटू शकतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करून या चळवळीचा वैचारिक पाया घातला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती सादर केली. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा त्यानंतर, १९९८ मध्ये रूढ झाली.

खुलेपणाबरोबर काही अटीही येतात. ‘जीपीएल’ या परवान्याखालील संहितेत बदल करून ते सॉफ्टवेअर इतरांना दिले, तर बदललेली संहिताही त्यांना द्यावी लागते. ‘एमआयटी’ किंवा ‘अपाचे’ हे परवाने अधिक सैल आहेत. मूळ कर्त्याचा उल्लेख आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला, की ती संहिता विक्रीच्या उत्पादनातही वापरता येते. मोठ्या कंपन्यांमध्ये कायदा विभाग आणि संगणक विभाग यांना एकत्र बसून या अटींचा विचार करावा लागतो. गुगलने २००४ मध्येच त्यासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी तोच मार्ग अनुसरला.

विरोधाकडून स्वीकाराकडे

उद्योगजगताने मुक्तस्रोताचे प्रारंभी स्वागत केले, असे म्हणता येणार नाही. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच सुमारास आयबीएमने मात्र लिनक्सवर १ अब्ज डॉलर खर्च करण्याचे ठरवले. पुढच्या १५ वर्षांत वारे पूर्ण फिरले. २०१६ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली आणि २०१८ मध्ये तिने मुक्तस्रोत प्रकल्पांचे सर्वात मोठे माहेरघर असलेली गिटहब ही कंपनी ७.५ अब्ज डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी आयबीएमने रेड हॅट या लिनक्स कंपनीसाठी ३४ अब्ज डॉलर मोजण्याचे जाहीर केले. हा व्यवहार जुलै २०१९ मध्ये पूर्ण झाला. जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो आहे.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर एवढा मोठा व्यवसाय कसा उभा राहतो? रेड हॅटने विकले ते सॉफ्टवेअर नव्हे, तर हमी. चाचणी घेतलेली आवृत्ती, दहा-दहा वर्षे सुरक्षा दुरुस्त्या आणि रात्री-अपरात्री सर्व्हर बंद पडल्यास फोन उचलणारा जाणकार माणूस, यांसाठी बँका आणि विमा कंपन्या दरवर्षी पैसे मोजतात. या कंपनीचे अभियांत्रिकी केंद्र अनेक वर्षे पुण्यातही आहे. त्यामुळे लिनक्सच्या जगातील घडामोडी महाराष्ट्रातील संगणक अभियंत्यांसाठी केवळ परदेशी वार्ता नाहीत.

मोठ्या उद्योगांना मुक्तस्रोताकडे खेचणारे कारण केवळ परवाना शुल्काची बचत नाही. एकाच विक्रेत्याच्या हाती आपली मान देणे कोणत्याही उद्योगाला परवडत नाही. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरचे अधिग्रहण पूर्ण केले आणि लगेच पुढच्या महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणी पद्धत आणली. वर्षानुवर्षे त्या सॉफ्टवेअरवर विसंबलेल्या ग्राहकांना आपल्या खर्चाचे गणित नव्याने मांडावे लागले आणि अनेकांचे लक्ष मुक्तस्रोत पर्यायांकडे वळले. संहिता खुली असेल, तर विक्रेता बदलता येतो. प्रसंगी स्वतःची माणसे नेमून काम पुढे नेता येते. ही सोय हेच मुक्तस्रोताचे खरे मोल.

परवान्यांचा कलह

मुक्तस्रोतही मालकाच्या लहरीपासून पूर्णतः सुरक्षित नाही, हे मात्र गेल्या काही वर्षांत दिसून आले. ‘सेंटओएस’ ही रेड हॅटच्या लिनक्सची विनामूल्य प्रतिकृती असंख्य उद्योग वापरत. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, अशी अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ती मुदत २०२१ अखेरच संपेल, असे जाहीर केले. आठ वर्षांचे नियोजन एका घोषणेने कोलमडले. त्यातून ‘रॉकी लिनक्स’ आणि ‘अल्मालिनक्स’ हे नवे प्रकल्प जन्माला आले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या व्यावसायिक आवृत्तीची नेमकी संहिता जाहीरपणे देणे थांबवून ती ग्राहकांपुरती मर्यादित केली, तेव्हा वाद पुन्हा पेटला.

दुसरा कलह क्लाउड कंपन्यांशी संबंधित आहे. एखादी लहान कंपनी वर्षानुवर्षे राबून मुक्तस्रोत डेटाबेस तयार करते. बलाढ्य क्लाउड कंपनी तोच डेटाबेस स्वतःच्या सर्व्हरवर सेवा म्हणून चालवते आणि नफा कमावते. परवान्यानुसार त्यात गैर काही नाही. पण मूळ कंपनीच्या दृष्टीने हा प्रकार म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. म्हणून मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले परवाने अधिक कडक केले. मुक्तस्रोताच्या रूढ व्याख्येत हे नवे परवाने बसत नव्हते.

त्याला मिळालेले प्रत्युत्तरही तितकेच बोलके होते. परवाना बदलण्यापूर्वीची संहिता मुक्तच राहते, कारण एकदा दिलेले स्वातंत्र्य मागे घेता येत नाही. तिच्यावरूनच ॲमेझॉनने इलॅस्टिकसर्चला ‘ओपनसर्च’ हा पर्याय उभा केला. हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्मला ‘ओपनटोफू’ आणि रेडिसला ‘व्हॅल्की’ हे पर्याय लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभे राहिले. परिणामी इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने मे २०२५ मध्ये मान्यताप्राप्त मुक्तस्रोत परवान्याचा पर्याय पुन्हा उपलब्ध करून दिला.

या घडामोडींतून मोठ्या उद्योगांनी घेण्यासारखा धडा सरळ आहे. सॉफ्टवेअर निवडताना केवळ आजचा परवाना पाहून भागत नाही, त्या प्रकल्पाची सूत्रे कोणाच्या हाती आहेत हेही पाहावे लागते. एकाच कंपनीच्या मालकीचा प्रकल्प आणि अनेक कंपन्यांनी मिळून चालवलेला प्रकल्प यांत मोठा फरक आहे. गुगलने २०१४ मध्ये खुले केलेले कुबरनेटीस हे दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण. पुढच्याच वर्षी ते लिनक्स फाउंडेशनच्या आधाराने स्थापन झालेल्या तटस्थ संस्थेकडे सोपवले गेले आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्याही त्यावर एकत्र काम करू लागल्या.

गाळ साचतो तेव्हा

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची तुलना गावच्या विहिरीशी करता येईल. पाणी सारेच भरतात, गाळ उपसायला मात्र फारसे कोणी पुढे येत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने गाजलेला दोष ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये सापडला. महाजालावरील सुरक्षित व्यवहारांचा मोठा भाग त्यावर अवलंबून होता. पण या प्रकल्पाला तोवर देणगीरूपाने वर्षाकाठी सुमारे २ हजार डॉलर मिळत होते. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ प्रकरण घडलेच. जावा भाषेतील आज्ञावलींच्या नोंदी ठेवणारे हे साधन लाखो यंत्रणांत दडलेले होते. त्यातील दोषाला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. ज्यांनी तो दुरुस्त केला, ते स्वयंसेवक आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्री जागत होते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसने बड्या कंपन्या आणि मुक्तस्रोत संस्था यांची या प्रश्नावर बैठक बोलावली.

दोष नेहमी बनवणाऱ्याचाच असतो असेही नाही. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनीतून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. चोरांनी वापरलेला अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील दोष स्वयंसेवकांनी मार्च महिन्यातच दुरुस्त केला होता. कंपनीने ती दुरुस्ती वेळेवर बसवली नाही. २०१९ मधील तडजोडीनुसार कंपनीवर ७० कोटी डॉलरपर्यंतचा भुर्दंड आला. फुकट मिळालेल्या वस्तूची निगा राखण्याचा खर्च टाळला, तर तो अखेर किती महाग पडतो, याचे हे उदाहरण.

या असमतोलाचे मोजमापही झाले आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२४ मधील एका शोधनिबंधानुसार, सर्वाधिक वापरातील मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहून काढायचे झाल्यास सुमारे ४.१५ अब्ज डॉलर लागतील. मात्र ते उपलब्धच नसते आणि प्रत्येक कंपनीला स्वतःपुरते लिहावे लागले असते, तर एकूण खर्च सुमारे ८.८ लाख कोटी डॉलरवर गेला असता. कंपन्यांना सॉफ्टवेअरवर आजच्या साडेतीनपट खर्च करावा लागला असता, असा निष्कर्ष त्यात काढला आहे. यातील ९६ टक्के मूल्य अवघ्या ५ टक्के विकासकांनी निर्माण केले आहे.

अर्थात सर्वत्र अशीच दुरवस्था आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. लिनक्सच्या गाभ्यावरील बहुतांश काम आज इंटेल, रेड हॅट, गुगल यांसारख्या कंपन्यांच्या पगारावरील अभियंते करतात. नावाजलेल्या प्रकल्पांना पाठबळ मिळते. अडचण आहे ती त्यांच्या पोटात दडलेल्या, कोणाच्या फारशा लक्षात न येणाऱ्या लहान घटकांची. एक्सझेड हा त्यांपैकीच एक.

कायद्याचा बडगा

आता सरकारांनी आणि नियामकांनी यात लक्ष घातले आहे. युरोपीय संघाचा ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’ १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. सुरक्षा दोषांची माहिती कळवण्याच्या बंधनासाठी ११ सप्टेंबर २०२६ आणि उर्वरित मुख्य तरतुदींसाठी ११ डिसेंबर २०२७ या तारखा त्यात निश्चित केल्या आहेत. मूलभूत सुरक्षा अटींचा भंग केल्यास १.५ कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या २.५ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. विनामोबदला काम करणारे स्वयंसेवक या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. मात्र त्यांचे सॉफ्टवेअर आपल्या उत्पादनात घालून विकणाऱ्या कंपनीला त्याची जबाबदारी झटकता येणार नाही. दोष आढळल्यास तो मूळ प्रकल्पाला कळवणेही तिच्यावर बंधनकारक आहे. युरोपात माल विकणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही हे लागू होते.

भारतातही पावले पडत आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोताला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. उद्योगांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे पाऊल मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘सेबी’ने उचलले. ऑगस्ट २०२४ मधील सायबर सुरक्षा चौकटीत सेबीने शेअर बाजाराशी संबंधित संस्थांना महत्त्वाच्या यंत्रणांसाठी सॉफ्टवेअर घटकांची यादी, म्हणजे ‘एसबॉम’, ठेवण्यास सांगितले. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये छापलेली असतात, तशीच ही यादी. लॉगफोरजेचा दोष उघड झाला, तेव्हा अनेक कंपन्यांचे पहिले काही दिवस ‘हे आपल्याकडे नेमके कुठे कुठे आहे’ याच शोधात गेले. यादी हाताशी असेल, तर हा शोध काही तासांत संपतो. शिवाय आपण कोणाच्या श्रमांवर उभे आहोत, हेही कंपनीला प्रथमच कागदावर दिसते.

ते दिसल्यावर काही उद्योगांनी खिशात हात घातला आहे. बेंगळुरूच्या झिरोधा या दलाली पेढीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलर देणारा निधी जाहीर केला. एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर, असे त्याचे स्वरूप ठरले. जर्मन सरकारनेही २०२२ मध्ये याच हेतूने ‘सॉव्हरिन टेक फंड’ सुरू केला.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ‘मुक्त’पणाचा नवा अर्थ

कृत्रिम बुद्धिमत्तेने या विषयात आणखी एक पेच निर्माण केला आहे. मेटा कंपनीने आपली ‘लामा’ ही मॉडेल ओपन सोर्स म्हणून सादर केली, परंतु महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते, अशी अट परवान्यात घातली. ‘मुक्त’ या शब्दात ही अट बसत नाही, असा आक्षेप घेतला गेला. मुक्तस्रोताची व्याख्या जपणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र व्याख्या जाहीर केली. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकने आपले ‘आर वन’ हे मॉडेल एमआयटी परवान्याखाली खुले केले, तेव्हा जगभरचे शेअर बाजार हादरले. ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ न देता स्वतःच्याच सर्व्हरवर मॉडेल चालवता येणे, ही बँका आणि रुग्णालयांसाठी मोठी सोय आहे. मात्र येथेही परवाना ओळीओळीने वाचण्याला पर्याय नाही.

पुढे काय?

मोठे उद्योग मुक्तस्रोतापासून दूर जातील, अशी चिन्हे नाहीत. ते शक्यही नाही. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटातही आता मुक्तस्रोताचेच घटक असतात. बदलणार आहे ते उद्योगांचे त्याच्याशी असलेले नाते. आजवर ते बहुतांशी पाणी भरणाऱ्याचे होते. यापुढे नियामकांच्या दबावामुळे आणि स्वतःच्या हितासाठीही त्यांना देखभालीत वाटा उचलावा लागेल. आपण काय वापरतो याची यादी ठेवणे, दुरुस्त्या वेळेवर बसवणे, स्वतः केलेल्या सुधारणा मूळ प्रकल्पाला परत देणे आणि महत्त्वाच्या प्रकल्पांवर पगारी माणसे नेमणे, ही कामे एखाद्या उत्साही अभियंत्याच्या मर्जीवर न सोडता कंपनीच्या नित्य खर्चात आणावी लागतील.

तसे न झाल्यास काय होईल, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. एक्सझेडचा चोरदरवाजा कोणत्याही कंपनीच्या सुरक्षा विभागाला सापडला नव्हता. अर्धा सेकंद उशीर का होतो, अशी शंका एका चिकित्सक अभियंत्याला आली, त्याने ती धसास लावली आणि संहिता खुली असल्यामुळे त्याला दोषाच्या मुळापर्यंत जाता आले. मुक्तस्रोताचे सामर्थ्य आणि त्याचा दुबळेपणा, दोन्ही या एकाच घटनेत सामावलेले आहेत. पुढच्या वेळी असा माणूस नेमका त्याच जागी असेलच, या भरवशावर बँका आणि शेअर बाजार चालवता येणार नाहीत.